पोटातले एक किलो शिसे

मी एक जुने वजन आहे. लोखंडाचे, सहा कोनांचे, बरोबर वीस किलोचे. निदान माझ्या पाठीवर तरी तसे ठळक कोरलेले आहे. मित्रांनो, आपले आत्मवृत्त सांगणाऱ्या वस्तू बहुधा गोड स्वभावाच्या असतात. आम्ही झिजलो, लोकांच्या उपयोगी पडलो, आता अडगळीत पडलो आहोत, असे सांगून त्या डोळे पुसतात. माझा स्वभाव तसा नाही. माझ्या पोटात राग आहे. एके काळी रागाच्या शेजारी एक किलो शिसेही होते, आणि ही गोष्ट त्या शिशाचीच आहे.

माझा जन्म एका ओतशाळेत झाला. वितळलेले लालभडक लोखंड वाळूच्या साच्यांत ओतले आणि मी व माझा भाऊ असे दोघे एकाच दिवशी बाहेर पडलो. आमच्या जातीत प्रत्येकाच्या तळाशी एक पोकळी ठेवलेली असते. वजन थोडे कमी भरले तर तिच्यात शिसे ओततात, वीस किलो पुरे झाले की वरून शिशाचे बूच ठोकतात आणि त्या बुचावर सरकारी शिक्का उमटवतात. मला चिमूटभर शिसे पुरले. पोकळीतली बाकीची जागा तशीच रिकामी राहिली. त्या रिकाम्या जागेवर कुणाचा डोळा जाईल, हे मला बापड्याला काय ठाऊक!

आम्हा दोघांना एका मोठ्या धान्यगोदामात पाठवले. पहिल्याच दिवशी ट्रकमधून उतरवताना मी फरशीवर आपटलो आणि माझ्या कडीचा एक कान तुटला. हमालांनी लगेच माझे नाव ठेवले, कानतुट्या. भाऊ धडधाकट होता, म्हणून त्याला नाव मिळाले नाही. माणसांचे असेच असते. कुणाचे काही मोडले की मगच ती त्याला ओळखायला लागतात.

गोदामात छताच्या तुळईला एक मोठा तराजू टांगलेला होता. एका पारड्यात मी, दुसऱ्यात धान्याचे पोते. तराजूसमोर मापाडी उभा असायचा. सडसडीत माणूस, कानामागे पेन्सिल, आवाज खणखणीत. काटा मधोमध येऊन थरथरायचा थांबला की तो आकडा पुकारायचा, आणि त्याने आकडा पुकारला की विकणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा, दोघांचाही जीव भांड्यात पडायचा. इतका त्याच्यावर विश्वास होता.

या मापाड्याचा एक नियम होता. तो आम्हा वजनांना कधीही हात लावायचा नाही. एकदा हमाल कमी होते तेव्हा कुणीतरी म्हणाले, "काका, ठेवा ना तेवढं वजन पारड्यात."

तो दोन पावले मागे सरला. "माझं काम डोळ्यांचं. वजनाला हात तुम्ही लावा. मी बोट जरी लावलं ना, तरी उद्या कुणीही म्हणेल, मापाड्यानं दाबलं म्हणून."

वीस वर्षे त्याने हा नियम पाळला. त्याचा त्याला अभिमान होता, आणि मलाही त्याचा अभिमान होता. आज मात्र त्या नियमाची आठवण झाली की माझे लोखंड आतून तापते.

दुपारी त्याची लेक शाळेतून डबा घेऊन यायची. बापाचे जेवण होईपर्यंत ती माझ्यावर बसून पाढे म्हणायची. सातच्या पाढ्यात ती हमखास अडखळायची आणि सगळे हमाल मिळून तिला तोंडघशी पाडायचे, चुकीची उत्तरे सुचवून. माझ्या आयुष्यातले तेवढेच दिवस सुखाचे. बाकीचे आता ऐका.

गोदामावर नवा गोदामपाल आला. बोलायला लाघवी, कपडे परीटघडीचे, बोटाभोवती किल्ल्यांचा जुडगा फिरवायची सवय. एका सुट्टीच्या दिवशी तो आपल्या भाच्याला घेऊन आला. भाच्याने मला उलटे केले, तळाचे बूच जपून काढले, रिकाम्या जागेत वितळलेले शिसे काठोकाठ ओतले आणि शिक्का मोडू न देता तेच बूच पुन्हा बसवले. मी वीस किलोचा होतो, एकवीस किलोचा झालो. वरून पाहणाऱ्याला काही म्हणजे काही कळले नसते.

दुसऱ्या दिवसापासून नवा हुकूम सुटला. धान्य विकत घेताना माप कानतुट्याने, बाहेर पाठवताना माप त्याच्या भावाने. म्हणजे विकायला आलेल्या माणसाकडून प्रत्येक पोत्यात एकवीस किलो घ्यायचे आणि त्याला वीस म्हणून सांगायचे. मग सुट्टीच्या दिवशी मामा-भाचे पोत्यांची तोंडे उसवायचे, प्रत्येकातून किलोभर काढून घ्यायचे आणि तोंडे पुन्हा शिवून टाकायचे. पोत्यात बरोबर वीस किलो उरायचे. गोदामाचा दाणाही कमी व्हायचा नाही आणि मामाचे घर मात्र भरायचे. वर्षातून एकदा वजने तपासून शिक्का मारायला निरीक्षक यायचा. त्या दिवशी मी गोदामपालाच्या कपाटात कुलूपबंद असायचो आणि माझ्या जागी कुठूनतरी आणलेले दुसरेच वजन साळसूदपणे उभे असायचे.

मित्रांनो, मी खोटे बोलत होतो आणि मला तोंड नव्हते. याहून मोठी शिक्षा मला ठाऊक नाही.

मग एका सकाळी, कुणाला पत्ता लागू न देता, तपासणीचे पथक आले. गोदामपाल नेमका त्या दिवशी अक्कलदाढ काढायला गेला होता. तो असता तर त्याने मला पुन्हा कपाटात कोंबले असते. पथकातल्या साहेबाला दारापाशी मी दिसलो. "हे वजन घ्या," तो म्हणाला, आणि त्याने एकेक पोते माझ्यासमोर तोलायला लावले. प्रत्येक पोते किलोभर कमी भरले. तोंडे पाहिली तर पुन्हा शिवलेली. साहेबाने चष्मा काढून मापाड्याकडे पाहिले.

तुम्हीच सांगा, चोरी झाली होती का? गोदामातून एक दाणाही गेलेला नव्हता! प्रत्येक पोत्यात वीसच्या वीस किलो होते. जे चोरले होते ते विकणाऱ्या गरिबांचे होते, आणि ते केव्हाच बाजारात जाऊन संपले होते. पण माझ्यापुढे वीस किलो हलकेच ठरणार. त्या दिवशी मी एका न झालेल्या चोरीची साक्ष दिली.

दुसऱ्या दिवशी गोदामपाल गाल सुजवून आला. खरे सांगितले तर तो स्वतः आत जाणार होता. त्याने गालावर रुमाल धरला आणि काखा वर केल्या. "माप सगळं मापाड्याच्या हातात, साहेब. मी काय, नुसत्या सह्या करतो."

"माझ्या हातात?" मापाडी ओरडला. "मी तर वजनाला हातसुद्धा लावत नाही! विचारा कुणालाही!"

हमालांना विचारले. त्यांतल्या दोघांनी खरे सांगितले, बाकीचे नोकरीच्या भीतीने मूग गिळून बसले. खरे सांगितल्याने काय होणार? शिवलेली पोती समोर होती, माझ्या बुचावर सरकारी शिक्का होता. मापाड्याला दहा वर्षांची सक्तमजुरी झाली. तो दारातून जाताना त्याची लेक डबा हातात धरून उभी होती. तो डबा उघडलाच गेला नाही.

त्या दिवसापासून मला एकच ध्यास लागला. गोदामपालाचा पाय. तो किल्ल्या फिरवत माझ्या बाजूने गेला की मी मनातल्या मनात घसरायचा प्रयत्न करायचो. पाच वर्षे प्रयत्न केला. पण लोखंड आपणहून घसरत नाही, कुणीतरी उचलावे लागते. दरम्यान गोदामपालाला बढती मिळाली आणि त्याचा सत्कार झाला. प्रामाणिकपणाबद्दल! सत्काराचा मांडव वाऱ्याने उडू नये म्हणून त्याच्या कापडी छताची दोरी मला बांधली होती. ती दोरी कुरतडायला मला दात नव्हते, म्हणून ते छत उभे राहिले.

पुढे गोदामात विजेवर चालणारा काटा आला आणि जुना तराजू, मी व माझा भाऊ अशी सगळी वरात तुरुंगाच्या कोठीघरात रवाना झाली. सरकारी माल एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जातो, तसे आम्ही गेलो. मापाडीही तसाच गेला होता म्हणा.

तुरुंग म्हणजे काय, ते तुम्हाला सांगतो. चाळीस माणसांच्या बराकीत एकशे दहा माणसे. झोपायला पाळी लावावी लागते, आणि कूस बदलायची तर शेजाऱ्यालाही बदलावी लागते. तेवढ्या माणसांना एक नळ. खोकणाऱ्याला डॉक्टर आठवड्याने भेटतो, तोवर त्याच्या शेजारचे चार जण खोकायला लागलेले असतात. कालवणात भांड्याचा तळ स्वच्छ दिसतो. आणि त्या एकशे दहांतले निम्मे असे, ज्यांचा खटला अजून उभाच राहिलेला नाही. ते कशाची शिक्षा भोगत होते हा प्रश्न मी पुष्कळांच्या तोंडून ऐकला, पण उत्तर कुणालाच माहीत नव्हते.

आम्हाला गाडीतून उतरवायला जे कैदी आले, त्यांत एक पांढऱ्या केसांचा, खांदे पडलेला माणूस होता. मी त्याला ओळखले नाही. त्याने मला ओळखले.

"कानतुट्या!" तो म्हणाला. "अरे, तूही आत?"

आणि तो हसू लागला. शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या आचाऱ्याने, तोही कैदीच होता, घाबरून त्याचा दंड धरला. पाच वर्षांत कुणी त्याला हसताना पाहिले नव्हते. दुसऱ्याच वर्षी त्याची बायको वारली होती, आणि तो निरोप त्याच्यापर्यंत तिसऱ्या दिवशी पोहोचला होता.

मापांची माहिती म्हणून कोठीघराचे काम त्याच्याकडे दिले. रोज सकाळी आचारी पीठ न्यायला यायचा. मापाडी तराजूसमोर उभा राहायचा, दुसरा कैदी मला पारड्यात ठेवायचा, आणि मापाडी पूर्वीसारखाच आकडा पुकारायचा. अजूनही तो वजनाला हात लावत नव्हता. तुरुंगात सगळे काढून घेतात, एवढा एक नियम त्याने आपल्याजवळ ठेवला होता.

मी एकवीस किलोचाच होतो. त्यामुळे प्रत्येक तोलाला एक किलो पीठ जास्त जाऊ लागले. बराकीतली माणसे म्हणाली, हल्ली पोट भरल्यासारखे वाटते. मला बरे वाटले. वाटले, चला, पापाचे थोडे तरी पुण्य झाले. पण माझ्या नशिबात सुख टिकायचे नव्हते. महिनाअखेरीस कोठीघराच्या जमादाराने पोती मोजली आणि ती कमी भरली.

"धान्यचोर तू बाहेरही, आणि आतही!" त्याने मापाड्याची गचांडी धरली. "बोल, कुणाला विकलंस?"

दहा दिवस अंधारकोठडी, तीन महिने भेटी बंद. त्याच आठवड्यात त्याची लेक दोन गाड्या बदलून आली होती. तिला फाटकावरूनच परत पाठवले.

मित्रांनो, एकाच माणसाला मी दुसऱ्यांदा बुडवले.

अकराव्या दिवशी तो पोती वाहण्याच्या कामावर कोठीघरात आला. उजेडाने डोळे मिचकावत होता, चालताना भिंतीचा आधार घेत होता. पण बोलायला लागला तेव्हा त्याचा आवाज जुना होता, काट्यासमोरचा. "म्हाताऱ्या, तिथं दुसरं काम नव्हतं, म्हणून हिशेब करत बसलो. या महिन्यात कोठीतलं पीठ वीस किलोला एक किलो कमी भरलं. आणि पाच वर्षांपूर्वी माझी पोती किती कमी भरली होती? वीस किलोला एक. दोन्ही वेळा मी चोरी केली नाही, हे मला पक्कं माहीत आहे. मग दोन्ही वेळा तिथं कोण होतं?"

आचाऱ्याने हातातली परात खाली ठेवली. "कोण होतं?"

मापाडी माझ्यापाशी आला. मग आयुष्यात पहिल्यांदा त्याने आपला नियम मोडला. उजव्या हातात माझ्या भावाची कडी घेतली, डाव्या हातात माझी, आणि आम्हा दोघांना वीतभर उचलले.

त्याचा डावा खांदा खाली गेला. त्याने आम्हाला हळूच खाली ठेवले आणि तो माझ्यासमोर मटकन बसला.

"वीस वर्षं," तो म्हणाला. "वीस वर्षं मी नुसता बघत होतो. एकदा उचललं असतं तर!"

मग त्याने माझ्या तुटक्या कानाला हात लावला आणि दात आवळून म्हणाला, "ज्यानं तुझ्याच मापाचा हुकूम काढला, आता त्याला उचलतो."

तीन महिन्यांनी भेट मिळाली. भेटीच्या खोलीत दुहेरी जाळी असते आणि दोन्हीकडून वीस-वीस माणसे एकदम ओरडत असतात. मापाड्याने आचाऱ्याला नंतर सांगितले, की आकडे पुकारायचा आवाज त्या दिवशी कामी आला. "बाळ, कानतुट्या आठवतो का?" एवढेच त्याने ओरडून विचारले. लेकीने लगेच मान हलवली. उरलेले तिने त्याच्या ओठांवरून ओळखले.

ती आता मोठी झाली होती, एका दवाखान्यात नोंदणीचे काम करत होती. तिने एक वकीलबाई शोधून काढली. ही बाई कैद्यांचे खटले फुकट लढवायची आणि तुरुंगाच्या साहेबांना ती दारात दिसली की त्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. मापाड्याचे अपील पाच वर्षे कुठल्यातरी कपाटात धूळ खात पडले होते. बाईने ते बाहेर काढले आणि अर्ज केला, की वजनाचे वजन करावे.

ही बातमी गोदामपालाच्या कानावर गेली. मग एका दुपारी जमादार हातगाडी घेऊन आला. "जुनी वजनं भंगारात घालायचा हुकूम आहे. उचला."

मापाडी माझ्यावर येऊन बसला, त्याची लेक बसायची तसा. "नाही उचलत."

"ऊठ म्हणतो ना!"

"नाही उठत. मारायचं तर मारा."

जमादाराने काठी उगारली, आणि एक सपकन त्याच्या पाठीवर बसलीही. तेव्हा म्हातारा आचारी हातातला झारा ठेवून पुढे आला आणि मापाड्याच्या शेजारी जमिनीवर बसला. मग पीठ मळणारे बसले, भांडी घासणारे बसले. चूल विझली. एक हजार माणसांचे जेवण थांबले, आणि ते थांबले हे बराकींना कळले. भांडी वाजायला लागली. तुरुंगाधिकारी धावत आले. त्यांना आरडाओरडा नको होता आणि भंगाराच्या हुकमावर सही कुणाची, हेही त्यांना सांगता येईना. दोन तास मापाडी माझ्यावर बसून होता. दोन तासांनी वकीलबाई न्यायालयाचा आदेश घेऊन आली, आणि मला सीलबंद पोत्यात घालून नेले.

न्यायालयात गोदामपालाला साक्षीला बोलावले होते. आता तो मोठा साहेब झाला होता, बूट चकचकीत. त्याने शपथ घेऊन सांगितले, "वजन बरोबर वीस किलोचं आहे. दर वर्षी शिक्का होत होता. या वजनात काही वेगळं असल्याचं मला माहीत नाही."

निरीक्षकाने तपासणीचा काटा मांडला. शिपाई मला उचलायला वाकला. त्या वेळी गोदामपालाला आपला मोकळेपणा दाखवायची हुक्की आली. "थांबा, मीच ठेवतो. लपवण्यासारखं काही नाही," असे म्हणून त्याने मला स्वतःच्या हाताने उचलले.

सहा वर्षे मी ज्याची वाट पाहत होतो, ते झाले होते. मला उचलले गेले होते.

त्याच्या तळहाताला घाम होता. माझी कडी एका बाजूने तुटकी होती. मी घसरलो. मुद्दाम का, असे विचाराल. लोखंडाला मन नसते म्हणतात. म्हणोत बापडे! मी सरळ त्याच्या उजव्या पायाच्या बोटांवर पडलो, माझ्या सगळ्या शिशासकट, आणि ती बोटे मोडल्याचा आवाज मला अजूनही गोड लागतो.

गोदामपाल किंचाळला. शिपाई एका हाताने मला काढू लागला, तसा तो वेदनेने ओरडला, "एका हातानं नाही रे निघणार! विसाचं नाही ते! दोघं लागा, दोघं!"

वकीलबाई सावकाश उभी राहिली. "साहेब, साक्षीदाराचं शेवटचं वाक्य लिहून घ्यावं."

ते लिहून घेतले गेले. मग मला काट्यावर ठेवले. एकवीस किलो आणि वर चाळीस ग्रॅम. बूच काढले, शिसे बाहेर आले. मागच्या बाकावर बसलेली लेक सातचा पाढा पुटपुटत होती. अडखळत नव्हती.

मापाडी निर्दोष सुटला. न्यायाधीशांनी खेद व्यक्त केला. त्यावर तो हात न जोडता म्हणाला, "साहेब, सहा वर्षं गेली. माझी बायको गेली. हे कुठल्या पारड्यात टाकायचं?" न्यायाधीशांनी पुढच्या खटल्याचे कागद ओढले.

त्याचा राग सुटकेने निवला नाही, हे मला फार आवडले. दोन वर्षे तो आणि वकीलबाई गोदामपालाच्या हात धुऊन मागे लागले, आणि शेवटी गोदामपाल मामा भाच्यासकट आत गेला. कोणत्या तुरुंगात, ते सांगायला नकोच. तुरुंगातल्या रेशनची वजने कैद्यांसमोर तपासावीत, असा नियमही त्या दोघांनी भांडून करून घेतला. लेक दर महिन्याला फाटकाशी येते. ज्यांना भेटायला कुणी येत नाही, त्यांचे अर्ज लिहून नेते. बराकीत माणसे मात्र अजून एकशे दहाच आहेत. तो राग मी जपून ठेवला आहे.

मित्रांनो, कुणी कुणाला दोषी ठरवत असेल, शिक्के दाखवत असेल, काटा मधोमध आलेला दाखवत असेल, तर नुसते बघत राहू नका. पुढे व्हा आणि ज्याने तोलले ते वजन एकदा स्वतःच्या हाताने उचलून बघा. हात घाण होतील, नियम मोडेल, मोडू द्या.

माझ्या पोटातले जादा शिसे काढून मला नव्याने शिक्का मारला आणि पुन्हा त्याच कोठीघरात आणून ठेवले. रोज सकाळी पीठ तोलण्यापूर्वी एका कैद्याने मला सर्वांसमोर उचलून दाखवायचे असते. ते काम एका लंगडणाऱ्या कैद्याकडे आहे. किल्ल्यांचा जुडगा नसल्यामुळे त्याची बोटे उगीचच फिरत असतात. तो वाकतो, दोन्ही हातांनी माझी तुटकी कडी धरतो आणि पाय जपून मागे घेतो. आता मी बरोबर वीस किलोचा आहे, गुंजभरही जास्त नाही. त्याला मात्र मी अजूनही जड लागतो.